सशाला घर देताना

ससा आपल्या सर्वांच्या ओळखीचा प्राणी आहे. कासवाशी शर्यत लावून तो हरला, ती गोष्ट लहानपणी कोणी ऐकली नाही? अंगावर पान पडले तेव्हा आभाळ पडले म्हणून पळत सुटला, तोही ससाच. चांदोबाच्या अंगावर जो डाग दिसतो, त्यातही लोकांना ससा दिसला. म्हणून तर चंद्राला शशांक असे नाव आहे. शश म्हणजे ससा.

गोष्टीतला ससा असा सर्वांचा लाडका. पण शहरात जनावरांचे निवारे असतात, तिथे पिंजऱ्यात बसलेल्या सशाला कोणी विचारत नाही. का विचारत नाही, आणि त्याला घर मिळवून द्यायचे तर काय करावे लागते, ते आज पाहू. तुम्ही म्हणाल, आम्ही कसाऱ्याकडची माणसे, आमचा शहरातल्या सशाशी काय संबंध? संबंध आहे. तो पुढे येईल.

आधी निवारा म्हणजे काय ते समजून घेऊ. पांजरपोळ हा शब्द तुम्हाला ठाऊक आहे. म्हातारी, लंगडी, टाकून दिलेली गुरे जिथे सांभाळतात ती जागा. मुंबईत भुलेश्वरला अशी एक जुनी पांजरपोळ आहे. तिची हकिकत मोठी आहे, थोडक्यात सांगतो. १८३२ साली मुंबईच्या इंग्रज सरकारने रस्त्यावरची कुत्री मारण्याचा हुकूम काढला. मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस ठेवले. मग काय, पैशाच्या लोभाने माणसे घरादारांतली कुत्रीही ओढून नेऊ लागली. लोक चिडले. पारशी लोकांनी पुढाकार घेतला, दुकाने बंद झाली, शहरात दंगल उसळली. पुढे १८३४ साली जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद या दोन शेटांनी इतर व्यापाऱ्यांना बरोबर घेऊन पांजरपोळ काढली. ती आजही चालू आहे. १८७४ साली मुंबईत जनावरांचा छळ थांबवण्यासाठी एक मंडळी स्थापन झाली, आणि परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे मोठे इस्पितळ उभे राहिले. अलीकडे मुंबई, ठाणे, पुणे या बाजूला लहानमोठे आणखी निवारे झाले आहेत. त्यांत गाय-बैल कमी आणि कुत्री-मांजरे जास्त.

आणि या सर्वांत एका कोपऱ्यात ससे.

हे ससे येतात कोठून? रानातून नाही. ते दुकानातून येतात. मुलाचा वाढदिवस असतो. मूल हट्ट धरते. बाप दुकानात जातो आणि पांढरे, मऊ, मुठीएवढे पिल्लू घेऊन येतो. दुकानदार सांगतो, "याला काही लागत नाही. गाजर घाला, बस." आठ दिवस सारे घर त्याच्याभोवती. मग पिल्लू मोठे होते. खुर्चीचे पाय कुरतडते, विजेची तार कुरतडते. त्याला उचलून घेतलेले आवडत नाही, म्हणून लाथा मारते, नखे लावते. मुलाचे मन उडते. एक दिवस ससा खोक्यात घालून निवाऱ्याच्या दाराशी ठेवला जातो. जो एवढीही तसदी घेत नाही, तो बागेत नाहीतर रस्त्याच्या कडेला सोडून देतो.

दुसरे कारण म्हणजे सशांची वीण. दुकानात पिल्ले इतकी लहान असतात की नर कोणता आणि मादी कोणती हे ओळखणे जाणत्यालाही कठीण जाते. दोन माद्या म्हणून आणलेल्या जोडीत एक नर निघतो. सशाची मादी चारसहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. साधारण ३१ दिवसांनी ती विते. एका वेळी चार, सहा, कधी आठ पिल्ले. आणि व्याल्यावर लगेच, त्याच दिवशीसुद्धा, ती पुन्हा गाभण राहू शकते. आता तुम्हीच हिशेब करा. वर्षातून पाच वेळा व्याली आणि दर वेळी सहा पिल्ले जगली, तर एका मादीची ३० पिल्ले झाली. त्यांतल्या पहिल्या वेताच्या माद्या तोवर आया झालेल्या असतात, त्यांची पिल्ले निराळीच. खोलीत राहणाऱ्या माणसाने एवढे ससे ठेवायचे कुठे? तेही निवाऱ्यात येतात.

निवाऱ्यात जागा तेवढीच. येणारे रोज येतात. जाणारे मात्र जात नाहीत.

असे का होते? निवाऱ्यात जनावर घ्यायला माणसे येतात. कुत्रा शेपूट हलवतो, दारावर उड्या मारतो. मांजर पायाला अंग घासते. ससा काय करतो? काही नाही. तो मागच्या कोपऱ्यात पाठ करून बसतो. तो भुंकत नाही, ओरडत नाही. ज्याला सगळेच खायला बसले आहेत, त्याने गप्प बसावे हे देवाने त्याला शिकवले आहे. पण बघणाऱ्याला वाटते, याच्यात काही राम नाही. तो पुढच्या पिंजऱ्याकडे जातो. त्यातून कोणी थांबलाच, तर त्याला पिल्लू हवे असते. चार वर्षांचा ससा नको असतो. एक हवा असतो, जोडी नको असते. मान वाकडी झालेला, दात वाढलेला, एक कान फाटलेला तर नकोच. आणि पांढऱ्या सशाचे डोळे लाल असतात, त्याचे लोकांना उगाच भय वाटते. वास्तविक त्यात भिण्यासारखे काही नाही. त्याच्या डोळ्यांत रंगच नसतो. रंग नसला की आतल्या रक्ताची लाली बाहेर दिसते, एवढेच.

ही लाल डोळ्यांची गोष्ट मी आमच्या गावात पाहिली आहे. पावसाळ्यात विहीगावच्या धबधब्याकडे मोटारींची रीघ लागते, ते तुम्ही पाहताच. एका वर्षी अशाच कोणी हायवेच्या कडेला खोके ठेवून दिले. गुरे राखणाऱ्या पोरांनी ते उघडले तर आत तीन ससे. पोरांनी ते शेजारच्या आजींकडे आणले, कारण त्यांच्या शेळ्यांच्या गोठ्यात जागा होती. आजींनी मला हाक मारली. "गुरुजी, हे खातं काय?" मी म्हटले, "शेळी खाते तेच. आधी गवत घाला." त्याच रात्री गावच्या कुत्र्यांनी कुडाखालून उकरून एक ससा नेला. राहिले दोन. महिन्याभराने आजी पुन्हा दारात. "गुरुजी, दोनाचे आठ झाले."

आता आठ ससे आजी कुठे ठेवणार? पाहुणे येत आणि विचारत, "आजी, दिवाळीला कापायचे काय?" आजी म्हणायच्या, "कापायचे असते तर पोरांनी माझ्याकडे कशाला आणले असते?" मी आणि आमच्या गावची दोन तरुण मुले घरे शोधायला लागलो. करडे ससे पहिल्या आठवड्यात गेले. एक काळा-पांढरा होता, तोही गेला. मागे राहिली एक पांढरी मादी, लाल डोळ्यांची. कोणी म्हणे, अपशकुनी आहे. कोणी म्हणे, रात्री तिचे डोळे चमकतात. तीन महिने तिला गिऱ्हाईक नाही. मग त्या मुलांना एक युक्ती सुचली. तिला खुराड्यात दाखवायचे नाही असे त्यांनी ठरवले. संध्याकाळी आजींच्या अंगणात त्यांनी बांबूच्या चटया उभ्या करून गोल कुंपण केले आणि तिला आत सोडले. ससा सकाळ-संध्याकाळ मोकळा झाला की कसा नाचतो, तुम्ही पाहिले आहे काय? हवेत उडी घेतो, तिथल्या तिथे अंगाला पीळ देतो आणि उलटा धावत सुटतो. रेल्वेच्या चाळीतल्या एक बाई दूध न्यायला आल्या होत्या. त्या बघतच राहिल्या. जाताना त्या दूध न्यायचे विसरल्या. दुसऱ्या दिवशी त्या टोपली घेऊनच आल्या.

ही जी युक्ती आमच्या मुलांना सुचली, तीच शहाणे निवारे जाणूनबुजून वापरतात. ससा पिंजऱ्यात दाखवू नये, जमिनीवर मोकळा दाखवावा. दुपारी दाखवू नये, कारण दुपारी तो झोपलेला असतो. त्याला नाव द्यावे. त्याच्या सवयी पाटीवर लिहाव्यात. हा कोथिंबीर पाहून धावत येतो, ही मुलांना भिते पण म्हाताऱ्या माणसाजवळ बसते, असे. दोन सशांची जोडी जमली असेल तर ती फोडू नये. एकटा ससा झुरतो. आणि घर मिळेपर्यंत ससा कोणाच्या तरी घरी महिना-दोन महिने सांभाळायला द्यावा. त्याने निवाऱ्यातली जागा मोकळी होते, आणि सांभाळणारा माणूस पुष्कळ वेळा तो ससा परत देतच नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात १९८८ साली फक्त सशांसाठी एक संस्था निघाली, ती हेच काम करते.

याहून मोठे काम कॅनडा देशात झाले. तिथे व्हिक्टोरिया नावाच्या गावी एक विद्यापीठ आहे. लोकांनी नकोसे झालेले ससे त्याच्या मोठ्या आवारात आणून सोडले. त्यांची पिल्ले, पिल्लांची पिल्ले असे होत होत हजारावर, दीड हजारावर ससे झाले. त्यांनी मैदाने पोखरली. २०१० साली ते हलवायचे ठरले. प्राणिमित्रांनी धावपळ करून सुमारे ९०० ससे पकडले, त्यांच्यावर शस्त्रक्रिया करून वीण बंद केली आणि दूरदूरच्या आश्रमांत पोचवले. काही तर पार अमेरिकेत टेक्सासला गेले. पण सर्वांना घर मिळाले असे नाही. काही मारलेही गेले. दहा माणसांनी दहा ससे सोडले, त्याचे निस्तरायला शेकडो माणसे लागली.

म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पाळीव ससा रानात सोडायचा नाही. "रानातलं जनावर रानात गेलं, सुटलं बिचारं," असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. पाळीव ससा आपल्या रानातला नव्हेच. त्याचे पूर्वज युरोपातले. आपल्या माहुलीच्या, तानसाच्या रानात जो ससा आहे त्याची जात वेगळी. रानससा भुरका, लांब पायांचा, मानेमागे काळा डाग असलेला. तो बीळ करीत नाही, उघड्यावर गवतात बसतो. त्याचे पिल्लू जन्मतःच केसाळ असते आणि डोळे उघडे असतात. पाळीव सशाचे पिल्लू उंदराच्या पिल्लासारखे उघडेनागडे, डोळे मिटलेले. दहा दिवसांनी त्याचे डोळे उघडतात. या दोघांची आपसांत पैदास होत नाही. पाळीव ससा रानात सोडला तर पहिल्याच रात्री त्याला कोल्हा, रानमांजर किंवा गावचा कुत्रा नेतो. पांढरा ससा अंधारात दिव्यासारखा दिसतो. आणि चुकून जगलाच, तर काय होते ते ऑस्ट्रेलियाला विचारा. तिथे १८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या एका इंग्रज जमीनदाराने शिकारीच्या हौसेने दोन डझन ससे आणून सोडले. पन्नास वर्षांत देशभर ससेच ससे. पिके गेली, कुरणे गेली. त्यांना अडवायला सरकारने शेकडो मैल लांबीचे तारेचे कुंपण घातले. ससे कुंपणापलीकडेही गेले.

रानसशाबद्दलही इथेच सांगून टाकतो. गवत कापताना रानसशाचे पिल्लू एकटे दिसले, तर ते टाकून दिलेले आहे असे समजू नका. त्याची आई दिवसभर मुद्दाम लांब राहते आणि अंधार पडल्यावर येऊन पाजते. पिल्लू तिथेच राहू द्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानससा धरणे, मारणे, घरी पाळणे हा गुन्हा आहे. आपल्याकडे जुन्या माणसांना सशाची शिकार सवयीची होती, हे मला माहीत आहे. पण आता दिवस बदलले. पाळीव जनावर उपाशी मरायला सोडून देणे हाही १९६० च्या कायद्याप्रमाणे गुन्हाच आहे, हे त्या मोटारवाल्यांनाही कोणी तरी सांगायला हवे. आणि २०१८ च्या नियमांप्रमाणे जनावरे विकणाऱ्या दुकानाला नोंदणी करावी लागते. नियम कागदावर चांगले आहेत. पुढचे आपण जाणताच.

आता आपला संबंध. शहरातल्या सशाला ज्याची सर्वांत जास्त गरज आहे, ते आपल्याकडे आहे. ते म्हणजे गवत. शहापूर, मुरबाड, वाड्याचे गवत पूर्वी गाड्या भरभरून मुंबईच्या तबेल्यांना जात असे. सशाचे पोट गवतावर चालते, गाजरावर नव्हे. गाजर गोड, ते आठवड्यातून एखादा तुकडा पुरे. सशाचे दात जन्मभर वाढत असतात. चिवट गवत चघळून चघळून ते झिजतात. गवत मिळाले नाही तर दात वाढून गालात रुततात आणि ससा उपाशी मरतो. शहरात माणसे त्याला पाव घालतात, बिस्किटे घालतात, आणि मग दात वाढले म्हणून निवाऱ्यात टाकतात. रोज सशाच्या अंगाएवढा वाळल्या गवताचा भारा त्याच्यापुढे पाहिजे. बरोबर थोडी हरळी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला. घाणेरी, कण्हेर, रुई मात्र जवळ येऊ देऊ नका, ती विषारी आहेत. कांदा-लसूणही नको. पहाटे ससा स्वतःच्याच मऊ लेंड्या खाताना दिसेल. त्याला हाकलू नका. आपली गाय जशी रवंथ करते, तसे हे त्याचे दुसऱ्यांदा पचवणे आहे.

जागाही आपल्याकडे आहे. पण जागा बंदिस्त हवी. आजींच्या गोठ्यात काय झाले ते सांगितलेच. कुडाच्या खाली हातभर खोल दगड पुरावेत, नाहीतर जमिनीत जाळी घालावी. जाळी बारीक हवी, कारण सापही येतो. कुत्रा आत शिरला नाही आणि नुसता रात्रभर बाहेर गुरगुरत राहिला, तरी भीतीने ससा मरू शकतो. थंडीचे त्याला काही नाही, उन्हाचे भय मोठे. त्याला घाम येत नाही. कानांतून काय उष्णता जाईल तेवढीच. चैत्र-वैशाखात आपल्याकडची दुपार त्याला सोसत नाही. पत्र्याखाली ससा ठेवूच नये. झाडाची सावली, कौलारू पडवी, वर ओल्या गोणपाटाचा पडदा, आत एखादे भिजवलेले कौल ठेवले तर तो त्यावर पोट टेकून बसतो.

ससा कानाला धरून उचलू नये. चित्रात जादूगार उचलतो, ते चूक आहे. एक हात छातीखाली, एक हात ढुंगणाखाली, आणि अंगाशी धरावे. त्याच्या मागच्या पायांत इतका जोर असतो की अधांतरी लाथ झाडली तर त्याचाच कणा मोडतो. म्हणून लहान मुलांच्या हातात देऊ नये, मुलांनी जमिनीवर बसून कुरवाळावे. ससा दुखणे लपवतो. अर्धा दिवस खाल्ले नाही, लेंड्या पडल्या नाहीत, की समजा काम कठीण आहे. लगेच दवाखाना गाठावा. घरातली माणसाची उरलेली गोळी घालू नये. काही गोळ्या माणसाला औषध आणि सशाला विष असतात. तालुक्याचे डॉक्टर गाई-म्हशींचे जाणते असतात. सशाचे औषध त्यांना ठाऊक आहे का, हे ससा आणण्याआधीच विचारून ठेवा.

"यात आम्हाला मिळेल काय?" असा सरळ प्रश्न एका शेतकऱ्याने मला केला. सरळ उत्तर असे की पैसा मिळणार नाही. लेंड्यांचे खत मिळेल. ते न कुजवता वांगी-मिरचीच्या वाफ्याला घालता येते. आणि जनावराची सोबत. निवाऱ्यातून ससा खाण्यासाठी किंवा विकण्यासाठी देत नाहीत, तसे ते लिहून घेतात. ज्याला हे पटत नाही त्याने ससा आणू नये. त्यात कमीपणा काही नाही. आठदहा वर्षे सांभाळायची तयारी आहे का, लावणीच्या दिवसांत घरचे सारे शेतावर गेल्यावर पाणी कोण ठेवील, याचा विचार घरातल्या कारभारणीला विचारूनच करावा. कारण शेवटी पाहणारी तीच असते.

निवाऱ्याकडूनही दोन गोष्टी मागून घ्या. एक, ससा खच्ची करून किंवा मादीची शस्त्रक्रिया करूनच द्यावा. आपण गोऱ्हे खच्ची करतो, तसेच हे. मात्र खच्ची केल्यावरही नराला महिना-दीड महिना मादीपासून वेगळे ठेवावे लागते, तोवर त्याचा गुण शिल्लक असतो. दुसरे, जमले नाही तर ससा परत घेऊ, असा शब्द त्यांनी द्यावा. चांगला निवारा तसा शब्द देतो आणि घर पाहायला माणूसही पाठवतो. तो आला तर राग मानू नका. मुलगी देताना आपणही घर बघायला जातोच की.

आणायचा दिवस ठरला की ऊन चढण्याआधीची कसारा गाडी धरावी. टोपलीला झाकण असावे, तळाला गवत, वर ओले फडके. गर्दीत टोपली मांडीवर ठेवावी, बाकाखाली नको. घरी आल्यावर टोपली त्याच्या जागेत ठेवून झाकण काढावे आणि आपण बाजूला व्हावे. शेजारच्या मुलांना दोन दिवस येऊ देऊ नये. तो आपणहून बाहेर येईल. पहिल्या रात्री आला नाही तरी काळजी करू नका. सकाळी गवत कमी झाले आहे की नाही, तेवढे पाहा.